वावराला सल्ला, बाईला नुसती गोळी

मागच्या हंगामात, पहिल्या वेचणीच्या दिवसांत, उमरखेड तालुक्यातल्या बंदी भागात एका गावी बैठक होती. विषय नेहमीचेच होते. कापसाचा भाव, खरेदी केंद्र उशिरा उघडणे, अभयारण्यातून येणाऱ्या रानडुकरांनी ज्वारीची केलेली नासाडी. बैठक संपली, माणसे चहाला उठली. ओट्याच्या कडेला बसलेली एक म्हातारी तेवढी थांबली. मला म्हणाली, "भाऊ, तुमी शेतीचं शिकेल हाव ना? मंग एक सांगा. परवा वावरात फवारा झाला. सून पोटुशी हाय, सातवा चालू हाय. तिले येचाले नेऊ का नको?"

मी औषधाचे नाव विचारले. डब्याच्या लेबलावर काय लिहिले असते, किती दिवस त्या वावरात शिरू नये, ते सांगितले. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे झालं वावराचं. पोटातल्या लेकराचं काय?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कृषी महाविद्यालयात बोंडअळीच्या चारही अवस्था शिकलो, हे कोणी शिकवले नाही. मी म्हणालो, "उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारा." ती म्हणाली, "सिस्टर लय चांगली हाय, भाऊ. येते, सुई देते, गोळ्या देते, कागद भरते अन् दुसऱ्या गावाले जाते. बोलाले तिले येळ कुठं हाय?"

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

आपल्या वावराला सल्ला मिळतो. पुरेसा मिळत नाही, वेळेवर मिळत नाही, पण मिळतो. कृषी खात्याचा माणूस आहे, विद्यापीठ आहे, आकाशवाणी आहे. गेला बाजार, कृषी केंद्रवाला तरी त्याच्या फायद्याचा का होईना, सल्ला देतो. नुसते बियाणे आणि खत वाटून पीक येत नाही, ते कसे वापरायचे हे कोणीतरी बांधावर येऊन सांगावे लागते, ही गोष्ट सरकारला फार पूर्वीच पटली. त्यालाच विस्तार म्हणतात. मी शिकलो त्या पदवीत तो स्वतंत्र विषय होता.

बाईच्या शरीराबाबत मात्र सरकारने वाटप केले आणि विस्तार विसरले. लोहाच्या लाल गोळ्यांचेच घ्या. गरोदर बाईने १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची, असा कार्यक्रम आहे. गोळ्या घरात येतात. त्यांतल्या किती पोटात जातात? पहिल्या दोन दिवसांत मळमळ होते, शौचाला काळे होते, बाई घाबरते. सासू म्हणते, गरम पडली, बंद कर. पाकीट फळीवर जाते. काळे होणे हे लोहाचेच लक्षण आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहासोबत घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता निदान दोन तासांच्या अंतराने घ्यावी. एवढे सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे मिळाली नाहीत, तर गोळीचा पैसा पाण्यात. कोरड्या जमिनीत युरिया फेकून ढगाकडे पाहत बसण्यासारखेच हे आहे.

काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. खोटे बोलून आपली बाजू बळकट होत नसते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, गावोगाव आशाताई आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, जेवण आणि ने-आण फुकट करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. २०१८ ते २०२० या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. ही कमाई मोठी आहे आणि ती उन्हातान्हात फिरणाऱ्या नर्सबाईंची आणि आशाताईंची आहे.

पण त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चौपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे बाळंतपण दवाखान्यात पोचले, पण बाळंतपणाआधीची आणि नंतरची वर्षे होती तिथेच राहिली. बाई दवाखान्यात दोन-तीन दिवस असते. उरलेले दिवस ती वावरात, चुलीपाशी आणि पाण्याच्या गुंडाखाली असते, आणि त्या दिवसांविषयी तिच्याशी बोलणारे कोणी नसते.

माझ्याच घरातले सांगतो, घरच्यांना विचारून लिहितो. कपाशीचे पान लाल पडले तर ते मॅग्नेशियमने पडले की तुडतुड्याने, हे मी बांधावरून सांगतो. लाल्यावर मी गावोगाव भाषणे दिली. पण माझी बायको दोन वर्षे कंबरदुखी आणि अंगावरून पांढरे जाणे सोसत होती, ते मला माहीत नव्हते. तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. शेवटी एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे पाच मिनिटांत "पिशवी काढून टाका" असे सांगण्यात आले. नात्यातल्या एक बाई जुन्या नर्स आहेत. त्यांनी तिला जवळ बसवून तासभर प्रश्न विचारले आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवले. जंतुसंसर्ग होता. औषधाने बरा झाला. ऑपरेशन वाचले, कर्ज वाचले. तो तास सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आणि हे एका घरचे दुखणे नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. अशी तपासणी त्याआधी कधी झालेल्या बायका शंभरात आठ होत्या. डॉक्टरी जगाने तोवर खेड्यातल्या बाईकडे फक्त बाळंतपण आणि नसबंदी यापुरतेच पाहिले होते. बाकीचे दुखणे ती मुकाट सोसत होती.

मुकाट सोसण्याचा शेवट कुठे होतो, ते बीडने दाखवले. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या. पाळीत खाडा पडला की मुकादम दंड करतो, फडावर ना पाणी ना आडोसा, पांढरे गेले की कोणी कॅन्सरची भीती घालतो. अशा बाईला "पिशवी काढल्यावर काय होते, न काढता इलाज आहे का" हे समजावणारे माणूस वेळेवर भेटले असते तर? आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरूनही कुटुंबे कामासाठी बाहेर जातात. तेव्हा बीड काही दूर नाही.

मग हे बोलणे कोणी करायचे? इथे आपल्याच महाराष्ट्राचा अनुभव कामाला येतो.

पुण्यात १९०९ साली सेवासदन निघाले. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने तिथे बायकांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. चांगल्या घरच्या बाईने दवाखान्यात काम करणे तेव्हा कमीपणाचे समजत. विधवा आणि परित्यक्ता बायकांनी ते शिक्षण घेतले आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

पुढे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख, ज्वारीचा आणि दुष्काळाचा. त्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकटी तरुण मुलगी राहीना, आणि गावच्या बायका तिच्याशी मोकळ्या होईनात. मग गावानेच निवडलेल्या बायका घेतल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन शिकवायच्या. बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाब, कुटुंबनियोजन, सगळे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीतही बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे साठ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये जगापुढे आले.

या दोन्ही ठिकाणांचा धडा असा आहे. गावची बाई शिकली तर बोलते, आणि तिच्या पाठीशी शिकलेली नर्स असेल तर तिचे बोलणे खरे ठरते. आशाताई आणि सिस्टर ही जोडी त्यासाठीच आहे. पण त्या जोडीचे आपण काय केले? उपकेंद्राचा नियम सपाट भागात ५,००० आणि आदिवासी, डोंगराळ भागात ३,००० वस्तीमागे एक असा आहे. तेवढ्या माणसांचे लसीकरण, नोंदी, सर्वेक्षण, साथरोग सगळे सिस्टरकडे. त्यात कित्येक जणी कंत्राटी. महिनाअखेरीला तिला विचारले जाते किती सुया दिल्या, किती नोंदी भरल्या. किती बायकांशी बसून बोललीस, हे कोणी विचारत नाही. ज्याचा हिशेब होत नाही ते काम मागे पडते. तेव्हा सिस्टरवर राग काढण्यात अर्थ नाही. भाव पडला म्हणून अडत्याच्या हमालाशी भांडण्यासारखे ते होईल.

शिक्षणाचाही प्रश्न आहेच. बारावीनंतर एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. सुई, सलाईन, टाके शिकवले जातात आणि समुपदेशनाचा धडाही पुस्तकात असतो. पण घाबरलेल्या बाईला बोलते कसे करायचे, सासूला न दुखवता सुनेची बाजू कशी मांडायची, हे सरावानेच येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने शिकलेल्या नर्सना आणखी अठरा महिने शिकवून सुईणकामात निष्णात करण्याचे धोरण आणले. साधे बाळंतपण तिने स्वतः करावे, बाईला धीर द्यावा, मान द्यावा आणि धोका दिसताच पुढे पाठवावे, असा त्याचा हेतू. अशा किती जणी आपल्या कोरडवाहू तालुक्यांत येणार, हे विचारणे आपले काम आहे.

आणि आपल्या भागात समुपदेशनाला कपाशीची भाषा यायला हवी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसे गेली. तेव्हा चर्चा पंपवाल्याची झाली. पण औषध कालवायला पाणी आणून देणारी बाई, फवाऱ्याचे कपडे हाताने धुणारी बाई, ओल्या फवाऱ्यावर निंदायला शिरणारी बाई कोणाच्या हिशेबात आली नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने औषध कालवू नये, रिकामे डबे हाताळू नयेत, फवाऱ्याचे कपडे धुऊ नयेत, फवारलेल्या वावरात शिरू नये. त्या म्हातारीला मी द्यायला हवे होते ते उत्तर हेच. सिस्टरने आणि मी ते मिळून द्यायला हवे.

तसेच सिकलसेलचे. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत तो आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळायला हवे, आणि सिकलसेलच्या बाईचे बाळंतपण जोखमीचे धरून आधीच मोठ्या दवाखान्याची सोय लावायला हवी. सूज, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोट दुखणे, रक्त जाणे, बाळ हलायचे थांबणे, यांतले काही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा, हे घरातल्या पुरुषाला पाठ पाहिजे. कारण रात्री गाडी शोधायला तोच जातो.

काही कार्यकर्ते म्हणतील, आपले आंदोलन भावाचे आहे, हे बायकांचे विषय बायका बघतील. त्यांना दोन गोष्टी सांगतो.

पहिली, उत्पादन खर्चाची. आपण नांगरणीपासून वाहतुकीपर्यंत सगळे मांडतो. घरच्या बाईची मजुरी धरा, हेही आपण भांडून मांडले. पण ज्या शरीरातून ती मजुरी निघते, त्याची झीज कुठल्या रकान्यात आहे? बैल बसला तर हंगाम गेला म्हणतो. एका ऑपरेशनचे कर्ज एका हंगामाच्या कापसात फिटत नाही, हे सावकाराला ठाऊक आहे, आपल्या तक्त्याला नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखोंनी बायका जमल्या होत्या, त्या काही भाषणे ऐकायलाच आल्या नव्हत्या. त्या आपला हिशेब मांडायला आल्या होत्या. तो अजून पुरा झालेला नाही.

दुसरी, पुरुषाच्या वाट्याची. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांची नसबंदी झालेली दिसली. पुरुष नसबंदीचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. बिनटाक्याची, बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी शस्त्रक्रिया असूनही हे असे. ताकद जाते म्हणे. हा समज काढायला सिस्टर कुठवर पुरणार? ते आपणच एकमेकांना सांगायला हवे. दोन लेकरांत अंतर ठेवायला तांबी आहे, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी आहे. त्यातले काय घ्यायचे ते बाईने समजून ठरवावे, कोणाच्या टार्गेटसाठी नव्हे.

जिल्हा बैठकीपुढे मी चार गोष्टी ठेवतो. उपकेंद्रांतली रिकामी पदे किती आणि कधी भरणार, हे जिल्हा परिषदेकडून गाववार लेखी घ्यावे. सिस्टरच्या कामाच्या हिशेबात बायकांशी बसून बोलण्याचा वेळ धरावा आणि त्यासाठी तिच्या डोक्यावरचे कागद कमी करावेत. बंदी भागातल्या आणि तांड्यांवरच्या मुलींना नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती मिळावी, म्हणजे शिकून त्या आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत बोलतील. आणि फवारणीच्या प्रत्येक प्रशिक्षणाला कृषी खात्याने सिस्टरला आणि आशाताईला सोबत बोलवावे.

पाचवी गोष्ट ठरावाची नाही. अंगणवाडीत महिन्यातून एकदा आरोग्य आणि पोषणाचा दिवस असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी असते. वेचणी असो की सोंगणी, त्या दिवशी आपल्या घरची गरोदर बाई वावरात नसेल, एवढे प्रत्येकाने पाळावे. मजुराची असली तरी तिचा तो रोज कापू नये. गाव समितीत आपला माणूस असेल तर तिथे आडोशाची खोली आहे का, ते बघावे. दहा जणींसमोर पांढरे जाण्याचे कोणी बोलत नाही.

त्या गावी मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, सिस्टरला सोबत घेऊन. भाव, बोंडअळी सगळे बोलून झाल्यावर पुरुषांना मी बाहेर चहाला काढले आणि सिस्टर आत बायकांत बसल्या. अर्धा तास म्हणून बसलेल्या त्या दिवेलागणीला उठल्या. त्या आत काय बोलल्या, ते मी विचारले नाही. म्हातारीची सून त्या आठवड्यात वेचायला गेली नव्हती, असे कळले. पुढच्या बैठकीपासून हाच नेम ठेवणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात ठेवून पाहा.